‘डॉक्टर येऊन गेले’... पण कोणते?

दुपारचे साडेतीन. तुम्ही मीटिंगमध्ये. टेबलाखाली मोबाइल धरून घरच्या ग्रुपवर टाइप करता, ‘डॉक्टर आले का?’ हॉस्पिटलमधून आईचं उत्तर, ‘येऊन गेले.’ ‘काय म्हणाले?’ ‘ठीक आहे म्हणाले.’ ‘कोणते डॉक्टर?’ आणि इथे गाडी अडते. ‘ते चष्मेवाले.’ ‘चष्मेवाले सकाळचे ना?’ ‘ते वेगळे. हे जरा बुटके.’

सीन ओळखीचा वाटतोय? वाटणारच. ज्यांच्या घरातलं कुणी चार दिवसांपेक्षा जास्त ॲडमिट होतं, त्या सगळ्यांना हा डायलॉग पाठ असतो. पॉलिसी नंबर आपल्याला तोंडपाठ. रूम रेंटची लिमिट माहीत. कॅन्टीनमध्ये इडली किती वाजता संपते तेही माहीत. पण ज्यांच्या हातात आपला माणूस आहे त्यांची नावं? टकलू सर, मेंदीवाली, निळा ड्रेस आणि ‘तो कायम फोनवर असतो तो’. सगळं घर ही टोपणनावं वापरून एकमेकांना मेडिकल अपडेट देत असतं. ऐकताना धमाल वाटते. कधी कधी मात्र हे प्रकरण महागात पडतं.

तेवीस माणसं, एक पेशंट

गेल्या वर्षी माझे बाबा न्यूमोनियाने आठ दिवस पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये होते. पत्रकाराची खोड म्हणा, दुसऱ्या दिवशी वही काढून मी टिपत बसले. सकाळी सहा ते रात्री दहा या वेळात बाबांच्या कॉटपाशी कामासाठी किती माणसं आली? तेवीस. रक्त काढणारा, बीपी घेणारी, लादी पुसणाऱ्या, चहा आणणारा, एक्स-रेचं मशीन ढकलत आणणारे दोघं, ‘तीन बॉलचं ते खेळणं ओढा’ म्हणणारा, ‘जेवणात मीठ किती खाता’ विचारणारी, सलाइन बदलणारी, फाइलमध्ये लिहून जाणारे, आणि ज्यांच्या नावावर ॲडमिट केलं होतं ते छातीचे मोठे डॉक्टर. त्यांचा राउंड चार मिनिटांचा. तेवीसपैकी आपलं नाव सांगितलं दोघांनी. त्यातला एक बिलिंगचा होता, डिपॉझिट मागायला आलेला.

तिसऱ्या दिवशी बाबांचं क्रिएटिनिन वाढलं. म्हणजे किडनी कुरकुर करायला लागली. का, ते कुणाला कळेना. दर शिफ्टला कुणीतरी येऊन घरच्या गोळ्यांची यादी पुन्हा विचारायचं. चौथ्या दिवशी एका तरुण डॉक्टरने नेमका प्रश्न टाकला, ‘काका, या यादीशिवाय दुसरं काही घेत होतात का?’ बाबा उखडले. ‘कितीदा सांगायचं? पहिल्याच दिवशी सांगितलंय मी डॉक्टरांना!’

काय सांगितलं होतं? तर गुडघेदुखीसाठी गेले चार-पाच महिने ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पेनकिलर आणून रोज घेत होते. घरी आम्हाला कुणालाही पत्ता नव्हता. अशा गोळ्यांचा किडनीवर ताण येतो. ताप आणि इन्फेक्शन असेल, अंगातलं पाणी कमी झालं असेल तर जास्तच. म्हणजे जी गोष्ट सगळ्यात आधी कळायला हवी, ती बाबांनी खरोखरच प्रामाणिकपणे सांगितली होती. फक्त ज्यांना सांगितली ते ‘डॉक्टर’ म्हणजे फिजिओथेरपिस्ट होते! पांढरा एप्रन, गळ्यात आयकार्ड, आणि मुख्य म्हणजे शांतपणे ऐकून घेणारा मुलगा. त्याला वाटलं, काका गुडघ्याचं सांगताहेत. त्याने आपल्या कागदावर गुडघ्याचं लिहिलं.

यात व्हिलन कुणीच नाही. बाबांचं लॉजिक साधं होतं: पांढरा कोट अधिक गोड बोलणं बरोबर डॉक्टर. क्रिएटिनिन पुढे उतरलं, बाबा घरी आले, आता ते गुडघ्याला तेल चोळतात आणि तक्रार करतात. पण दोन दिवस अख्खी टीम ज्याचं कारण शोधत होती ते कारण कॉटवर बसून पेपर वाचत होतं. त्याला एवढंच माहीत नव्हतं की कुणाला काय सांगायचं.

फिजिओंचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. गोंधळ फक्त पेशंटच्या डोक्यात आहे असं समजू नका. फिजिओथेरपिस्टनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये, असं पत्र केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलं आणि लगेच मागेही घेतलं. जिथे सरकारचंच ठरत नाही तिथे आमचे बाबा काय ओळखणार?

सिस्टर, ब्रदर, मामा, मावशी

आपली हॉस्पिटलं म्हणजे एक मोठं एकत्र कुटुंब आहे. बघा ना, नर्स ती सिस्टर. पुरुष नर्स असेल तर ब्रदर. स्ट्रेचर ढकलणारे, पेशंटला उचलून कूस बदलणारे ते मामा. बेडपॅन देणाऱ्या, वेणी घालून देणाऱ्या त्या मावशी. नाती सगळ्यांना आहेत, नावं कुणालाच नाहीत. ‘मामा’ अशी हाक मारली की वॉर्डातले तीन मामा एकदम वळून बघतात आणि तिघंही पुन्हा आपापल्या कामाला लागतात. कारण तिघांनाही वाटतं, हाक दुसऱ्याला होती.

या कुटुंबातलं डॉक्टर मंडळींचं घराणं तर अजून कॉम्प्लिकेटेड. जे. जे., केईएम किंवा ससूनसारख्या मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये पेशंट ‘युनिट’च्या ताब्यात असतो. युनिटचे प्रमुख सगळ्यात वर. त्यांच्याखाली असोसिएट आणि असिस्टंट प्रोफेसर. मग रेसिडेंट, म्हणजे एमबीबीएस होऊन पुढचं स्पेशलायझेशन शिकणारे डॉक्टर. त्यांच्यातही पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वर्षाची उतरंड. मुंबईत ज्युनिअरला ‘हाउसमन’ आणि सीनिअरला ‘रजिस्ट्रार’ म्हणायची जुनी पद्धत अजून आहे. त्यांच्याखाली इंटर्न, साडेचार वर्षांचा अभ्यास संपवून एक वर्ष प्रत्यक्ष काम करणारे. आणि मागे वही घेऊन घोळक्याने उभे असतात ते स्टुडंट. स्टेथोस्कोप मात्र सगळ्यांच्या गळ्यात! रात्री तीन वाजता पेशंटला धाप लागली तर धावत येणार तो बहुतेक पहिल्या वर्षाचा रेसिडेंट. मोठ्या निर्णयावर शिक्का युनिटच्या सीनिअरचा. नातेवाईक मात्र सगळ्यात वयस्कर दिसणाऱ्या माणसाला गाठतात आणि तो नेमका दुसऱ्या युनिटचा निघतो.

खासगी हॉस्पिटलात वेगळाच नकाशा. ज्यांच्या नावाने तुम्ही ॲडमिट झालात ते कन्सल्टंट दिवसातून एकदा किंवा दोनदा येणार. बाकी वेळ मजला सांभाळतो तो आरएमओ. रात्री जो येतो, फोनवर कन्सल्टंटशी बोलून औषध बदलतो, तो हाच. त्याची डिग्री एमबीबीएसच असेल असं नाही, बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेले कित्येकजण हे काम करतात. आयसीयूत गेलात तर तिथले इन्टेन्सिव्हिस्ट वेगळे. शिवाय हृदयाचे, किडनीचे, साखरेचे असे ‘रेफरन्स’ला बोलावलेले पाहुणे डॉक्टर, जे एकदाच येतात, फाइलमध्ये लिहितात आणि गायब होतात. बिलात मात्र त्यांचं नाव व्यवस्थित छापलेलं असतं. नाव कळायची आपल्याकडची ही सगळ्यात खात्रीची जागा!

आणि या सगळ्यात एक कायमची फसगत. एका सरकारी हॉस्पिटलमध्ये रेसिडेंट असलेली माझी मैत्रीण सांगत होती की तिला दिवसातून निदान दहा वेळा ‘सिस्टर’ अशी हाक येते. ती तपासते, औषध लिहिते, समजावून सांगते. मग पेशंटची बायको विचारते, ‘ते सगळं ठीक आहे सिस्टर, पण डॉक्टर कधी येणार?’ तिच्या मागे उभा असलेला सहा फुटी इंटर्न मात्र पहिल्या दिवसापासून ‘डॉक्टरसाहेब’. ती म्हणते, सिस्टर म्हटल्याचा राग नाही. राग येतो तो तिने सांगितलेलं अर्धवट ऐकलं जातं याचा. कारण ऐकणाऱ्याच्या मनात ‘खरा डॉक्टर’ अजून यायचाच असतो.

आजारी पडलेली डॉक्टर

हा प्रॉब्लेम फक्त आपला आहे असंही नाही. शिकागो विद्यापीठाच्या हॉस्पिटलमध्ये ॲडमिट असलेल्या २८०० हून अधिक पेशंटना विचारलं होतं, तुमच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांपैकी कुणाचं नाव सांगता येईल का? २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. ७५ टक्के लोकांना एकही नाव सांगता आलं नाही. उरलेल्यांनी नावं सांगितली, पण त्यातली निम्म्याहून जास्त चुकीची! यावर तिथल्याच लोकांनी डॉक्टरांचे फोटो आणि कामाची माहिती असलेली छोटी कार्डं छापून पेशंटना वाटली. क्रिकेटर्सची कार्डं जमवायचो ना आपण, तशीच आयडिया.

पण मला सगळ्यात भिडली ती केट ग्रेंजर. इंग्लंडच्या यॉर्कशायरमधली ही तिशीतली डॉक्टर, वृद्धांच्या आजारांची स्पेशालिस्ट. २०११ मध्ये तिला बरा न होणारा कॅन्सर असल्याचं कळलं. ऑगस्ट २०१३ मध्ये इन्फेक्शनमुळे ती ॲडमिट होती, आणि कॉटवर पडल्या पडल्या तिच्या लक्षात आलं की येणारे-जाणारे बरेचजण आपलं नावच सांगत नाहीत. तिला सगळी यंत्रणा आतून माहीत होती, रक्ताचे रिपोर्ट वाचता येत होते, तरी आपल्याला हात लावणारा माणूस कोण हे माहीत नसणं तिला खुपलं. तिने नवऱ्याजवळ कुरकुर केली आणि दोघांनी मिळून ट्विटरवर एक मोहीम सुरू केली: ‘हॅलो, माय नेम इज...’ बस्स, एवढंच वाक्य. पेशंटसमोर गेलात की आधी नाव सांगा. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेतल्या लाखो लोकांपर्यंत ते पोचलं, तसे बिल्ले निघाले, दुसऱ्या देशांनीही ते उचललं. जुलै २०१६ मध्ये केट गेली. बिल्ले अजून लावले जातात.

ऑपरेशन थिएटरमध्ये तर टोपी, मास्क आणि गाऊनमुळे डॉक्टरच एकमेकांना ओळखत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये सर्जरीसाठी जी चेकलिस्ट आणली, तिच्यात चीर देण्याआधीचा एक मुद्दा असा आहे: टीममधल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगितलं का? सिडनीचे भूलतज्ज्ञ रॉब हॅकेट त्याच्याही एक पाऊल पुढे गेले. २०१७ मध्ये त्यांनी आपल्या थिएटर कॅपवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘रॉब, ॲनेस्थेटिस्ट’. सहकाऱ्यांनी आधी खेचली, स्वतःचं नाव विसरतोस का म्हणून. पण इमर्जन्सीत ‘ए तू, ते दे’ म्हणण्यापेक्षा नावाने हाक मारली तर काम पटकन होतं, हे कळायला फार वेळ लागत नाही. (वर आठवा, तीन मामा.)

आणि कोविड! २०२० मध्ये पीपीई किटमधले ते पांढरे चंद्रयात्री आठवतात? आत स्त्री की पुरुष हेही कळायचं नाही. तेव्हा आपल्याकडच्या कित्येक वॉर्डांत डॉक्टर-नर्स छातीवर मार्करने नाव लिहून फिरत होते. कुणी सोबत स्माइलीही काढायचे. याच्या पाच वर्षं आधी लायबेरियात इबोलाची साथ असताना मेरी बेथ हेफर्नन नावाच्या अमेरिकन कलाकार बाईने तिथल्या स्टाफचे हसरे फोटो छापून त्यांच्या किटवर चिकटवायची कल्पना प्रत्यक्षात आणली होती. कोविडमध्ये अमेरिकेत तीच पुन्हा वापरली. खर्च किती? एका स्टिकरचा.

मग आपल्याकडे अडतंय कुठे?

आयकार्ड तर आहेत. ऑफिसात तुमच्या-माझ्या गळ्यात असतं तसंच. पण ते कार्ड नेहमी उलटं फिरलेलं! मी आठ दिवसांत जेवढी आयकार्डं वाचायचा प्रयत्न केला त्यातल्या अर्ध्यांवर मला ‘सापडल्यास या पत्त्यावर पोचते करा’ एवढंच दिसलं. सरळ असलं तर नाव इंग्रजीत, लोगो मोठा, अक्षरं मुंगीएवढी. कॉटवर आडवं पडलेल्या, चष्मा ड्रॉवरमध्ये ठेवलेल्या सत्तर वर्षांच्या आजीने ते कसं वाचायचं? आणि हुद्दा काय, तर ‘एक्झिक्युटिव्ह, क्लिनिकल सर्व्हिसेस’. कळलं काही?

माझ्या रेसिडेंट मैत्रिणीने मात्र दुसरी बाजू सांगितली. तिच्या वॉर्डातले काहीजण कार्ड मुद्दाम उलटं ठेवतात. भीतीने. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला नातेवाइकांनी केलेली मारहाण आणि त्यानंतर राज्यभरातल्या रेसिडेंटनी बंद केलेलं काम आठवत असेल. असे हल्ले रोखायला महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, हल्ले थांबलेले नाहीत. त्यात नावं वाचून नर्सना सोशल मीडियावर शोधणारे, रिक्वेस्ट पाठवणारे महाभागही असतात. छातीवर पूर्ण नाव मिरवायला ती का कचरते, हे मला तरी पटलं.

पण यावर उपाय नाव लपवणं हा नाही. केटच्या बिल्ल्यावर तरी काय असतं? नुसतं पहिलं नाव. आडनाव नको, फोन नंबर नको. पहिलं नाव आणि खाली त्याच्याहून मोठ्या अक्षरांत, मराठीत, ‘नर्स’, ‘डॉक्टर’, ‘फिजिओ’, ‘आहारतज्ज्ञ’. पेशंटला गोत्र नकोय, काम कळायला हवंय. आणि मला विचाराल तर, अनोळखी चेहऱ्यावर राग काढणं सोपं असतं. जी मुलगी तीन रात्री ‘मी अमुक, आज रात्री मी आहे’ असं सांगून गेलीये, तिच्या अंगावर धावून जाणं तितकं सोपं नसावं.

हक्काचंच म्हणाल तर तोही आहे, बरं का. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेली रुग्णहक्कांची सनद २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने लोकांसमोर ठेवली. तिच्यात स्पष्ट लिहिलंय की सेवा देणारे कोण आहेत, त्यांची व्यावसायिक पात्रता काय आणि मुख्य जबाबदारी कुठल्या डॉक्टरांची, हे जाणून घेण्याचा पेशंटला आणि त्याच्या माणसांना हक्क आहे. आणि ही माहिती हॉस्पिटलने आपणहून, लेखी द्यायची आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या नर्सिंग होमच्या नियमांनुसार हॉस्पिटलांना रुग्णहक्कांचा बोर्ड लावावा लागतो. पुढच्या वेळी लिफ्टची वाट बघताना भिंतीवर शोधा. बहुतेक वेळा कुंडीच्या मागे असतो.

नाव विचारायचं कसं?

आपण मराठी माणसं एसटीत शेजारी बसलेल्याला ‘गाव कुठलं?’ विचारून त्याचं खानदान काढतो. पण डॉक्टरांना नाव विचारायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटते. उद्धटपणा वाटतो. तक्रार करायचीये की काय, असं त्यांना वाटेल ही धास्ती. माझ्या आईने यावर भन्नाट तोडगा काढला. ती म्हणायची, ‘सर, मुलीला फोनवर सांगायचंय, कोण आले होते म्हणून सांगू?’ नाव लगेच मिळायचं, वर हसूही. सिस्टरना ती सरळ विचारायची, ‘बाळ, तुझं नाव काय गं? सारखं सिस्टर सिस्टर किती करायचं!’

दुसरा प्रश्न कामाचा. ‘तुम्ही यांच्यासाठी नक्की काय बघता?’ हा प्रश्न फिजिओला पहिल्या दिवशी विचारला गेला असता तर गुडघ्याचा घोळ तिथेच मिटला असता.

पेनकिलर प्रकरणानंतर आईने कॉटशेजारच्या लॉकरवर एक कागद चिकटवला. वर बाबांचं नाव, खाली रोजच्या गोळ्या, त्यात ती गुडघ्याची गोळी लाल पेनाने. आणि बाजूला कोण काय बघतं ते: मोठे डॉक्टर, येण्याची वेळ, दिवसाचे आरएमओ, रात्रीचे आरएमओ, तिन्ही शिफ्टच्या सिस्टर, फिजिओ. मला वाटलं, स्टाफ वैतागणार. झालं उलटंच. ड्यूटी बदलली की नव्या सिस्टर स्वतः येऊन जुनं नाव खोडायच्या आणि आपलं लिहायच्या. एकीने आईचं ऱ्हस्व-दीर्घही सुधारलं. सहाव्या दिवशी मामा बाबांना एक्स-रेहून परत आणताना कागदापाशी थांबले, वाचला आणि म्हणाले, ‘यात आम्ही कुठंय?’ आईने पेन दिलं. त्यांनी लिहिलं. आडनावासकट. बाबा तेव्हापासून त्यांना नावापुढे ‘राव’ लावून हाक मारायचे.

ग्रुपवरचे आमचे अपडेटही सुधारले. ‘चष्मेवाले’ गेले. नाव, वेळ आणि काय म्हणाले ते एका ओळीत. ऑफिसातून रजा मिळत नसेल, भाऊ अमेरिकेत असेल, रात्री मावसभाऊ झोपायला जाणार असेल, तर ही एक ओळ दहा फोनपेक्षा उपयोगी पडते. सही मागायला कुणी आलं तर मात्र फॉर्म हातात घेऊन एक जास्तीचा प्रश्न नक्की विचारा: हे करणार कोण, आणि समजावून सांगणारे तुम्ही कोण? कागद आणून देणारा आणि ऑपरेशन करणारा एकच असतो असं नाही.

आणि डिस्चार्जच्या दिवशी, जेव्हा सगळं घर बिल, पॉलिसी आणि रिक्षा या तीन गोष्टींमागे पळत असतं, तेव्हा समरीच्या शेवटच्या पानावर एक गोष्ट पेनाने लिहून घ्या. घरी गेल्यावर रात्री दोनला ताप चढला तर फोन कुणाला करायचा. नुसता रिसेप्शनचा नंबर नको. उचलणाऱ्याचं नाव.